पॅरिसच्या मेजावर गप्प बसण्याची किंमत

पॅरिसच्या एका झगमगीत फ्रेंच खानावळीत आम्ही जेवायला बसलो होतो, ही बातमी आमच्या आधी पेठेत येऊन पोहोचली. परतल्यावर दोन प्रकारचे लोक भेटायला आले. एकाने विचारले, "हाजीसाहेब, अशा ठिकाणी पाय ठेवायचाच कशाला?" दुसरा म्हणाला, "धंद्यासाठी गेलात ना? मग डोळे मिटून खायचे आणि सही घेऊन यायचे. एवढे कोण बघतो?" आम्हाला दोघांचेही म्हणणे पटले नाही. आमची चूक तिसरीच होती आणि तिची रोख किंमत आम्ही मोजली आहे. परदेशी ग्राहकाशी व्यवहार करणाऱ्या आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांवर उद्या तोच प्रसंग यायचा आहे, म्हणून हा हिशेब उघडा करीत आहोत.

आम्ही सुती कापडाच्या धंद्यात आहोत. यंत्रमागावरचे ग्रे कापड घेऊन, प्रोसेस करून, हॉटेलांना लागणारे नॅपकिन, मेजपोस आणि स्वयंपाकघरातले पुसणे शिवून घेतो. फ्रँकफुर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल नावाचे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. २०२४ सालचे प्रदर्शन आटोपून आम्ही आणि आमचे रत्नागिरीचे भागीदार रेल्वेने पॅरिसला गेलो. तिथल्या एका घाऊक खरेदीदाराशी वीस हजार नॅपकिनांचे बोलणे जवळपास ठरलेले होते. तो म्हणाला, "सही करण्याआधी तुम्ही माझा माल कुठे वापरला जातो ते पाहा. रात्री माझ्याबरोबर ब्रासरीत जेवायला या."

ब्रासरी म्हणजे काय?

शब्दाचा अर्थ आधी सांगून टाकतो. 'ब्रासरी' म्हणजे मुळात बिअर गाळण्याची जागा. पुढे बिअरबरोबर खाणे मिळू लागले आणि त्याची खानावळ झाली. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आल्सास नावाचा प्रांत आहे. तिथल्या लोकांनी हा धंदा पॅरिसला आणला. बास्तीलजवळची 'बोफँजे' १८६४ ची आहे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास जर्मनीकडे गेला आणि तिथले अनेक लोक घरदार सोडून पॅरिसला आले. त्यांच्याबरोबर हा धंदा आणखी वाढला. 'लिप' ही प्रसिद्ध ब्रासरी १८८० मध्ये एका आल्सासी नवराबायकोने उघडली. 'ला कुपोल' त्यानंतरची, १९२७ सालची. आल्साससकडून येणाऱ्या गाड्या पॅरिसच्या ज्या स्थानकावर थांबतात, त्या गार द लेस्तवरच आमचीही गाडी थांबली होती.

कापडवाल्यांनी या आल्साससची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे म्युलूझ नावाचे शहर आहे. आपल्या हिंदुस्थानची छापील छीट सतराव्या शतकात युरोपात इतकी खपू लागली, की फ्रान्सच्या राजाने तिथले विणकर वाचवण्यासाठी १६८६ मध्ये त्या कापडावर बंदी घातली. बंदी १७५९ पर्यंत चालली. म्युलूझ त्या वेळी फ्रान्सच्या राज्यात नव्हते. तिथल्या लोकांनी १७४६ मध्ये स्वतःच छीट छापायला सुरुवात केली आणि त्या कामावर शहर गबर झाले. फ्रेंच भाषेत अशा कापडाला आजही 'अँदियेन', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात. हुनर आपला, नाव आपले, कमाई दुसऱ्याची. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आम्ही गेलो ती ब्रासरी काही शंभर वर्षांची नव्हती. नवीनच होती, पण जुनी दिसेल अशी बांधलेली. भिंतीभर आरसे, पितळेच्या दांड्या, जस्ताच्या पत्र्याचा गल्ला, भिंतींना धुराने पिवळा पडल्यासारखा रंग. बाकांवर लाल मोलस्किन चढवलेले. मोलस्किन म्हणजे तिथे लेप दिलेले सुती कापड, दिसते चामड्यासारखे. आपल्याकडे नवी जीन्स धुऊन जुनी करून विकतात, त्यातलाच हा प्रकार. मेजे एकमेकांना इतकी चिकटलेली, की वेटर मेज पुढे ओढतो, तुम्ही आत बसता आणि तो मेज परत ढकलतो. सगळे शहर तिथेच लोटले आहे असे वाटत होते. तरुण मुलेमुली दाराबाहेर थंडीत रांग लावून उभी.

आमची चूक

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. धंद्याची भाषा मराठी आणि हिंदी. इंग्रजी बिल्टी आणि बिलापुरती. फ्रेंच तर एक अक्षर येत नाही. पदार्थांची यादी खडूने पाटीवर लिहिलेली, तीही वळणदार अक्षरात. खरेदीदार उत्साहाने एकेक पदार्थ समजावून सांगत होता. शूक्रूत म्हणजे आंबवलेली कोबी आणि वर डुकराचे मांस. क्रोक-मस्यूमध्येही तेच. कोंबडी लाल दारूत शिजवलेली. शिंपले पांढऱ्या दारूत वाफवलेले. कांद्याचे सूप मांसाच्या पाण्यातले. मांस कुठलेही घ्या, जबीहा नव्हे.

एवढ्यात त्याने दारूची बाटली मागवली आणि ती मेजाच्या मधोमध आली.

इथे आम्ही तोंड उघडायला हवे होते. "साहेब, आम्ही हे घेत नाही, आणि आमच्या मेजावर ते नसले तर मेहेरबानी होईल," एवढे एक वाक्य पुरे होते. वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत येतही होते. पण आम्हाला लाज वाटली. वाटले, यजमानाचा अपमान होईल, आपण मागासलेले ठरू, वीस हजार नगांची मागणी हातची जाईल. आम्ही पोटाची तक्रार सांगितली, पाव आणि सॅलड घेतले आणि मान खाली घालून बसलो.

आमचे भागीदार कोकणी, शाफई मसलकाचे. त्यांनी दाराशी बर्फावर मांडलेले ऑयस्टर पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "भाई, ही तर आमची कालवं! खडकावरून फोडून लहानपणापासून खातो आम्ही." आम्ही हनफी, आमच्याकडे ते चालत नाही. त्यांनी मात्र सहा कालवे मागवली, वर फक्त लिंबू पिळले आणि खरेदीदाराला रत्नागिरीच्या खाडीच्या गोष्टी सांगत बसले. तो माणूस खूश. आमच्याकडे बघून मात्र त्याचा चेहरा पडत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन नाही. शेवटी भागीदारांनी फोन केला, तेव्हा कळले ते असे. आमचे ते गप्प बसणे आणि पाव कुरतडणे पाहून त्याने समजूत करून घेतली होती, की आम्हाला त्याचा भाव मान्य नाही, फक्त शिष्टाचारासाठी आलो आहोत. त्याने सकाळीच पोर्तुगालच्या एका गिरणीला आठ हजार नगांची मागणी पाठवून दिली होती. खरे कारण ऐकल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "हे काल का नाही बोललात? मी आधीच स्वयंपाकघरात फोन केला असता. माझे निम्मे ग्राहक काही ना काही खात नाहीत. कुणी मांस खात नाही, कुणाला गहू चालत नाही. विचारणे हे तर वेटरचे रोजचे काम आहे."

वीस हजारांचे बारा हजार झाले. आणि ज्या मेजावर बसायला नको होते त्यावर आम्ही बसलो ते वेगळेच. दुनियाही गेली आणि मनही खात राहिले. भागीदारांनी काही तडजोड केली नाही. त्यांना चालते तेच खाल्ले, पण मोकळेपणाने बोलून खाल्ले.

काय विचारावे?

एकदा पोळल्यावर आम्ही बरीच माहिती काढली. जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. मेजावर बसल्यावर सांगणे अवघड जाते, फोनवर सोपे जाते. दारूबद्दलही तेव्हाच बोलून घ्यावे. दारू फिरणाऱ्या मेजावर बसण्याबद्दल दीनात काय सांगितले आहे ते आपण सगळे जाणतो. खोलात जायचे असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, तो आमचा अधिकार नव्हे. व्यापारी म्हणून इतकेच सांगतो, की यजमानाला आधी सांगितले तर शंभरात नव्वद वेळा तो जागा किंवा वेळ बदलतो.

दुसरी गोष्ट, मासा मागितला म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये. फ्रेंच रश्श्यात अनेकदा दारू घातली जाते, यादीत तिचे नाव असेलच असे नाही. सोल मनिएर नावाचा पदार्थ आपल्या लेप्यासारख्या चपट्या माशाचा. पीठ लावून लोण्यात तळतात आणि लिंबू पिळतात, त्यात दारूचे काम नसते. तरीही विचारून घ्यावे. बटाट्याच्या काड्याही काही ठिकाणी जनावराच्या चरबीत तळतात, म्हणून तेल कुठले तेही विचारावे. गोडात रम ओतलेला 'बाबा' टाळावा. अंडे-दुधाचे साधे कस्टर्ड असते.

तिसरी गोष्ट, पॅरिसमध्ये आपल्याला उपाशी राहायची पाळी येत नाही. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या संसार केले आहेत आणि त्यांचा कुसकुस आता फ्रेंच माणसाच्याही आवडीचा झाला आहे. गार द लेस्तपासून चालत जाण्याच्या अंतरावर पासाज ब्रादी नावाची छप्पर असलेली गल्ली हिंदुस्थानी-पाकिस्तानी खानावळींसाठी प्रसिद्ध आहे. १९२६ मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या मोठ्या मशिदीला लागून खाण्याची आणि चहाची जागा आहे.

त्या मशिदीच्या अंगणातच आम्ही खरेदीदाराला तिसऱ्या दिवशी बोलावले. यजमान या वेळी आम्ही होतो. पुदिन्याचा गोड चहा आला. उरलेल्या बारा हजार नगांची सही तिथे झाली. तो म्हणाला, "तीस वर्षे या शहरात आहे, इथे कधी आत आलो नव्हतो." आपल्या मेजावर दुसऱ्याला बोलावणे हासुद्धा तिजारतीचाच भाग आहे, हे आम्हाला पंचावन्नाव्या वर्षी उमगले.

नॅपकिन काय बोलत होता?

मान खाली घालून बसल्याचा एक फायदा झाला. नॅपकिन नीट पाहता आला. जाड सूत, मऊ हात, चारही कोपरे तिरके दुमडून शिवलेले. किनारीला विणतानाच घातलेला लाल पट्टा. छापलेला पट्टा धुलाईत उडतो, विणलेला टिकतो. नॅपकिन शुद्ध सुती होता. पॉलिएस्टरचा स्वस्त पडतो, इस्त्री कमी लागते, पण तो ओठावर सरकतो आणि ओल पीत नाही. तिथला ग्राहक हे बोटाने ओळखतो.

आता हिशेब करा. समजा १२० खुर्च्यांची ब्रासरी आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर चालू, खुर्ची दिवसात तीनदा भरली तर ३६० नॅपकिन लागले. एक संच मेजावर, एक धुलाईत, एक कपाटात, म्हणजे हजारावर नग एका जागेला हवेत. दर वापरानंतर गरम पाण्यात यंत्राची धुलाई. त्या माराला टिकणारा माल कोण देणार? पक्का रंग हवा, आटणे आधीच काढलेले हवे, खळ पूर्ण उतरवलेली हवी. खळ राहिली तर नवा नॅपकिन पाणीच पीत नाही, आणि आपला बराचसा माल इथेच नापास होतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत मागावर तेच सुती कापड निघते. आपण ते मीटरवर विकतो आणि मीटरमागे पैशांची घासाघीस करतो. तेच कापड धुऊन, आटवून, कापून, कोपरे शिवून, मोजून बांधले की नगावर विकले जाते. घरात बसून शिलाई करणाऱ्या आपल्या बायाबहिणींच्या हाताला त्यात काम आहे. सोलापूरने टॉवेलमध्ये हे केव्हाच करून दाखवले. छिटीच्या वेळी जे झाले ते नॅपकिनच्या वेळी पुन्हा व्हायला नको. सूत आपले आणि शिलाईची कमाई दुसऱ्याची, हा सौदा आता पुरे.

भाव बाहेर, मान आत

शिकण्यासारख्या आणखी दोन गोष्टी तिथे होत्या.

एक म्हणजे भाव. खानावळीचा दर दाराबाहेर लावलाच पाहिजे असा फ्रान्सचा कायदा आहे. त्या दिवसाचा खास पदार्थ वीस युरोच्या आसपास होता, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अठराशे रुपये. महागच आहे. पण सेवेचा आकार त्या किमतीतच धरलेला असतो, पाव त्यातच येतो आणि नळाचे पाणी मागितले तर फुकट द्यावेच लागते. शेवटी बिल हातात आले तेव्हा पाटीवरच्या बेरजेहून एक सेंट जास्त नव्हता. आपल्या पेठेत गिऱ्हाईक बघून भाव सांगण्याची सवय अजून गेलेली नाही. आपण तिला हुशारी म्हणतो. परदेशी खरेदीदार तिला काय म्हणतो ते आम्ही प्रदर्शनात कानांनी ऐकले आहे, इथे छापण्यासारखे नाही.

दुसरी गोष्ट वेटरची. काळे जाकीट, पायापर्यंत पांढरा एप्रन, चाल ताठ. पन्नाशीचा माणूस होता आणि त्या कामाची त्याला लाज नव्हती. पॅरिसमध्ये वेटरांची शर्यत भरते, तबकावर पेला आणि कॉफीचा कप घेऊन शहरातून चालायचे, धावायचे नाही आणि सांडायचे नाही. पहिली शर्यत १९१४ मध्ये झाली. मध्ये २०११ नंतर ती बंद पडली होती, मार्च २०२४ मध्ये पुन्हा भरवली. कारागिराचा असा जाहीर मान आपण कधी करतो? आपल्या मागवाल्याचे, रंगाऱ्याचे, बावर्च्याचे नाव तरी दुकानावर कुठे असते?

खानावळीच्या धंद्यातल्या बांधवांसाठी शेवटची एक नोंद. पॅरिसमध्ये आज सर्वांत लांब रांगा महागड्या जागीच लागतात असे नाही. 'बुयों' नावाच्या जुन्या स्वस्त खानावळी असत. त्यांपैकी शार्तिए १८९६ पासून चालू आहे आणि तिथला वेटर अजूनही हिशेब मेजावरच्या कागदावर लिहितो. तीच तऱ्हा उचलून २०१७ मध्ये पिगाल भागात नवी बुयों उघडली, आणि तरुण मंडळी तिथे गर्दी करतात. थोडेच पदार्थ, कमी भाव, भरपूर खुर्च्या, झटपट उठबस. मुंबईच्या इराणी हॉटेलांचा उसूल हाच होता की नाही? तेच संगमरवरी मेज, त्याच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, तेच आरसे. इथे आपण ती एकेक करून बंद पडू दिली, आणि २०१० मध्ये लंडनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर 'डिशूम' निघाले, तिथे आज लोक रांगेत उभे राहतात. आपल्या भागातल्या जुन्या खानावळीला रंग देऊन तिचे मॉल करण्याआधी मालकांनी याचा विचार करावा.

"पाय ठेवायचाच कशाला" असे विचारणाऱ्या आमच्या मित्राला आमचे उत्तर असे, की ग्राहक जिथे बसतो ती जागा व्यापाऱ्याने पाहिलीच पाहिजे, पण आपल्या अटी आधी सांगून. आणि "डोळे मिटून खा" म्हणणाऱ्याला सांगतो, की आपल्या ताटात काय आहे हे जो विचारू शकत नाही, त्याच्या कापडात काय आहे यावर परका माणूस का भरवसा ठेवील? आमच्या गप्प बसण्याचा भाव आठ हजार नग पडला. पुढच्या जानेवारीत आमचा मुलगा जाणार आहे. त्याला आम्ही नमुन्यांच्या पेटीबरोबर एक वाक्य इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये लिहून देणार आहोत: आम्ही दारू आणि डुक्कर घेत नाही, मांस हलाल असेल तरच खातो, बाकी तुमच्या मेजावर आनंदाने बसू.